खाकी कव्हरातली तक्रारवही

मी, तक्रारबाई (सगळे याच नावाने ओळखतात), वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, नगरपालिकेच्या तक्रार कक्षात लिपिक, राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी मुलीसोबत राहते. सोमवारी शेजारच्या तीन नगरपालिकांचे अधिकारी आमचं काम तपासायला आले होते. आपल्यासारखंच काम करणाऱ्यांनी आपण कुठे कमी पडतो ते सांगायचं, अशी ती पाहणी. दप्तर चकाचक दिसलं पाहिजे, असं मुख्याधिकारी साहेबांनी आधीच फर्मावलं होतं. म्हणून आम्ही सगळ्या वह्यांना सारखीच खाकी कव्हरं घातली. वर नावं लिहायची राहिली. तेवढी अक्कल कुणीच चालवली नाही, मीही नाही.

दुपारी तीनला पाहुण्यांनी तक्रारवही मागितली. ती कपाटात नव्हती. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनीच गायब केली असणार. तुंबलेल्या तक्रारी उघड्या पडल्या असत्या ना." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी इथे माझ्याविरुद्ध अर्ज दिला आणि वही सापडेपर्यंत कामावर येऊ नका म्हणाले. मुलीला मी रजा आहे म्हणून सांगितलं.

आज बुधवारी सकाळी अकराला पाहुण्यांमधल्या निरीक्षक बाई वही घेऊन घरी आल्या. सोमवारी आल्या आल्या त्यांनी अहवालासाठी कोरी वही मागितली होती. शिपायाने खाकी कव्हरातली एक उचलून दिली. त्यांनी ती न बघताच पिशवीत टाकली, ती काल उघडली. आज ऑफिसात परत द्यायला गेल्या तेव्हा माझा प्रकार कळला, तशा इकडे आल्या. म्हणाल्या, "यातल्या वीस जणांना मी फोन केले. सतरा जण म्हणाले, काम होवो न होवो, बाईंचा उलट फोन येतो. आमच्याकडे असं कुणी करत नाही हो."

माझा जीव भांड्यात पडला. मी दारातच रडले. हे लिहू नका म्हटलं होतं, पण हवालदारांनी लिहिलं.

साहेबांनी अर्ज मागे घेतला आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. वही मिळाली एवढं लिहिलं की पुरे, असं हवालदार म्हणाले. मी म्हटलं पुरे नाही, असं लिहा: वही मी चोरली नव्हती आणि लपवलीही नव्हती.

जबाब मला वाचून दाखवला. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा दार उघडं ठेवून. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून सही केली.