फिरोजा हळद प्यायला

मी तळवलीची. सासर पन तळवलीतच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं भांडन झालं की माहेराला जायला चप्पल पन घालावी लागायची नाय. माजा बापूस मिठागरावर राबायचा, सासऱ्याची भातशेती, ती सगळी जमीन नव्या शहरात गेली, आता तिथं बिल्डिंगी हायत. लोक बोलतात तुमाला वाईट वाटत असंल. शेतीचं वाटतं, मिठागराचं नाय वाटत, खोटं कशाला बोलू, त्या खाऱ्या पान्यात बापसाच्या पायाला पडलेल्या भेगा मी बघितल्यात. मी महाप्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमधी चपात्या लाटते, पोरीचा बापूस टेम्पो चालवतो, आमचं बरं चाललंय. पन तुमी विचारलं ते पोरीच्या अंगठीचं, तर तेच सांगते, नायतर मी भरकटत जाईन.

माजी वैशाली नेरूळच्या कॉलेजात होती आनि तिथंच तिनं जमवलं. संदीप त्याचं नाव, सातारकडचा, बाप लहानपनीच गेलेला, घरात तो आनि त्याची आई. ती बाई नवऱ्याच्या जागेवर नोकरीला लागली, पोराला वाढवलं, नेरूळला फ्लॅट घेतला. आमच्यातले बोलले, जातीबाहेर पोरगी देता, उद्या काय झालं तर आमच्याकडं यायचं नाय. मी बोलले, आतापरेंत कवा आले? पन आतनं धाकधूक होतीच. विहीनबाय शांत, मोजकं बोलनारी, आनि मी ही अशी. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचंच नाय.

साखरपुड्याला तिनं आपल्या बोटातली अंगठी काढली आनि वैशालीच्या बोटात घातली. चांदीची, वर चिंचोक्याएवढा निळा खडा. फिरोजा. विहिनीचा सासरा मोठ्या लढाईच्या वेळी पलटनीबरोबर इरानात गेलेला, तिथनं त्यानं बायकोसाठी हा खडा आनला, मग सासूनं हिला दिला. तिनं वैशालीचा हात धरला आनि बोलली, ही बोटातनं काढायची नाय, आंघोळीला पन नाय, आनि रोज सकाळी खड्याचा रंग बघायचा, रंग फिरला तर समज माझ्या संदीपवर कायतरी येनार हाय. काय सांगू तुमाला. सासू दागिना देते ते ऐकलं होतं, ही दागिन्याबरोबर टेन्शन पन देत होती.

मग हळद आली. आमच्या आगऱ्यांची हळद म्हंजे लग्नापेक्षा मोठी, सगळा गाव मांडवात, बॅन्जो, धवले गायला बायका, आनि हळद कालवायची ती तेलात, चांगली सढळ हातानं. ज्यानं त्यानं येऊन पोरीच्या गालाला, हाताला, पायाला फासली. पोरगी शब्दाची पक्की, अंगठी काढली नाय. दमून तशीच झोपली. सकाळी हात धुवायला बसली आनि किंचाळली. मी चुलीपुढनं धावले तर खडा हिरवा. निळा नाय, हिरवा, कच्च्या कैरीसारखा.

संध्याकाळचा मुहूर्त आनि सकाळी हे. मी काय करावं? साबन लावला, लिंबू चोळलं, नणंद बोलली राखेनं घास, राखेनं घासला. आधी निदान एकसारखा हिरवा होता, आता डाग डाग पडले. वैशाली रडून लाल, आई, संदीपला कायतरी होनार, बोलते. मी तिला गप कर बोलले, पन मला पन तीच भीती. आनि दुसरी भीती ही की ती बाई मुहूर्तालाच खडा बघंल आनि आपल्या पोराला पाटावरनं उठवंल.

अंगठी पोरीच्या बोटातनं ओढून घेतली, तिच्या बापानं टेम्पो काढला आनि आमी दोघं नेरूळच्या मार्केटात एका सोनाराकडं गेलो. म्हातारा मानूस, चष्मा कपाळावर. अंगठी बघितली आनि हसला, तुमचा फिरोजा हळद प्यायला, बोलला. मी बोलले, काका, इथं जीव चाललाय. तो बोलला, अहो हा दगड पितो. तेल, घाम, साबन, जे लागंल ते आत घेतो. बाजारातला खोटा फिरोजा हळदीत बुडवून ठेवा, काय होनार नाय, तुमचा खरा हाय म्हनून रंग फिरला. मग बसलाच सांगत, आमी घाईत आनि त्याला कोन गिऱ्हाईक नाय. इरानात डोंगर पोखरून हा काढतात, तिथले घोडेस्वार घोड्याच्या लगामाला बांधायचे, पडलो तर दगड मार खाईल आपन वाचू म्हनून. मिसरच्या राजांच्या थडग्यात हा सापडतो, तिबेटातल्या बायका केसात माळतात. मी विचारलं, हिऱ्यासारखा चमकत नाय, मग लोकांना एवढं काय पडलंय ह्याचं? तो बोलला, बाई, हिरा होता तसाच राहतो, त्याला तुमचं काय पडलेलं नाय. हा तुमच्या अंगाबरोबर बदलतो, म्हनून लोकांना वाटतं ह्याला आपलं सुखदुक्ख कळतं. रंग फिरला की संकट, हे तिथनंच आलं.

पोरीचा बापूस बोलला, दुसरा निळा बसवून द्या, कोनाला कळनार हाय? सोनार तयार होता. माज्या पन मनात आलं, कशाला खोटं बोलू. पन मग वाटलं, पोरगी जल्मभर खोटा दगड बघत बसनार आनि ती बाई त्याच्यावर भरवसा ठेवनार, ह्या पायावर घर उभं करायचं? मी अंगठी पदरात बांधली आनि बोलले, चल, विहिनीकडं.

तिच्या घरी पाव्हने भरलेले. मी तिला सैपाकघरात नेलं आनि अंगठी हातावर ठेवली. तिचा चेहरा उतरला, तिथंच गव्हाच्या डब्यावर बसली. हळूच बोलली, असाच झाला होता. माझ्या मालकांच्या अंगावरनं वारं गेलं, वर्सभर अंथरुनात होते, त्यात खडा हिरवा पडला. सासू साऱ्या गावाला सांगत सुटली, दगडानं इशारा दिला, हिनं वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेलं नाय. ते गेले. मग गावच्या सोनारानं खडा घासून परत निळा केला, पन मला वाटतच राहिलं की मी बघून गप बसले.

मी तिला सोनाराचं सगळं सांगितलं, हळद तेलात कालवलेली, दगड तेल पितो. तिनं मला परत विचारलं, तेलानं? मी बोलले, तेलानं. ती आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली. मी त्यांना रोज तेल चोळायचे, बोलली, पाठीला, पायाला, ह्याच हातानं, अंगठी असायची बोटात. आनि मग जी रडली, आवाज करून, मी त्या बाईचा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. संदीप धावत आला, त्याला वाटलं लग्न मोडलं. तिनं त्याला जवळ ओढलं आनि रडता रडता हसायला लागली, काय नाय रे, काय नाय, माझं काय चुकलं नव्हतं.

संध्याकाळी हॉलमधी तिनं स्वताच्या हातानं तो डागाळलेला हिरवा खडा माज्या पोरीच्या बोटात घातला. सातारची एक आत्या पुढं झाली, अगं बाई, हा रंग कसा? तर ही मोठ्यानं बोलली, आमच्या सुनेच्या हळदीचा हाय.

आता नातू हाय, सहा महिन्याचा, गुटगुटीत. मी रविवारी नेरूळला जाते तर विहीनबाय पाय पसरून बसलेली, मांडीवर पोर उघडं, दोन्ही हात कोपरापरेंत तेलात. नवरा गेल्यापासनं तिनं कोनाच्या अंगाला तेल लावलं नव्हतं, हे मला मागाहून वैशालीनं सांगितलं. मला बोलते, विहीनबाय, हात तेलाचा हाय, चहा तुमीच टाका. मी टाकते. आत त्याच गव्हाच्या डब्यावर बसून त्याचं खिदळनं ऐकते, आनि चहा उतू जातो. जाऊ दे. सगळी सुखात राहू देत.