डब्यावरची चिठ्ठी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब, व्यासपीठावरील दिग्दर्शिका संयोगिताताई, आजचे सत्कारमूर्ती बसवंत अण्णा, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती तानूबाई अक्का, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीपासून ट्रॅफिक सोसत इथवर आलेल्या मंडळींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

तीस वर्षं सिनेमाच्या सेटवरचं सामान मांडून अण्णा आज निवृत्त होताहेत. मी विद्याधर, मुलांच्या दुधात घालायची पावडर विकणाऱ्या कंपनीचा माणूस. याचं इथं काय काम, असं आपल्या मनात आलंच असेल. सांगतो.

सहा वर्षांपूर्वी ताईंच्या बालचित्रपटात आमच्या कंपनीनं पैसे घातले. अट एकच, डबा दिसला पाहिजे. हेब्बाळच्या सेटवर मी रोज हजर. जेवणाच्या टेबलावर डबा, दप्तराशेजारी डबा, एक तर मी देवघरापाशीही ठेवायला लावला. देवाला ताकद कमी पडत होती की काय, कोण जाणे. अध्यक्षमहाशय हसताहेत, म्हणजे त्यांनी सिनेमा पाहिलेला दिसतो.

शेवटच्या प्रसंगात छोटी नायिका आजारी आईसाठी पहिल्यांदाच वरण करते. अण्णांनी फळीवर डबा आमचाच ठेवला, पण घरून आणलेला, जुना, आणि ऐन कंपनीच्या नावावर चिठ्ठी चिकटवलेली: ‘तूरडाळ’. मी भडकलो.

“साहेब, पावडर संपली की घरोघरी यात डाळच जाते,” अण्णा म्हणाले. “तुमच्याकडं काय आहे?”

“रवा,” मी म्हणालो. “पण शूटिंग माझ्या घराचं नाही. चिठ्ठी काढा.”

“सरी,” म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढंच म्हणून त्यांनी ती नखानं खरवडली. ती फाटली.

चहाच्या वेळी ताईंनी मला बाजूला घेतलं. ती चिठ्ठी अक्कांनी लिहिली होती. पन्नाशीत त्या आपल्या याच मराठी मंडळाच्या वर्गात अक्षरं शिकल्या, आणि घरात त्यांनी लिहिलेला पहिला शब्द तो. बायकोचं अक्षर पडद्यावर दिसावं, एवढीच अण्णांची हौस. जन्मभर इतरांच्या वस्तू कॅमेऱ्यासमोर मांडणाऱ्या माणसानं स्वतःची एक ठेवली, ती मी काढायला लावली. मला फार लाज वाटली हो.

अण्णा नको नको म्हणत असताना मी अक्कांना फोन लावला. “स्वल्प थांबा, भाकरी तव्यावर आहे,” म्हणाल्या, आणि तासाभरात रिक्षानं आल्या. त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि मी माझ्या हातानं ती चिठ्ठी आमच्या नावावर चिकटवली. वरिष्ठांना मात्र ‘नजरचूक झाली’ असं कळवलं. त्या वर्षी बढती हुकली. आज अध्यक्षांच्या साक्षीनं कबूल करतो, ती नजरचूक नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं एकच काम मी मनापासून केलं, असं मला वाटतं.

अण्णा, पुढचे दिवस सुखाचे जावोत. मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचा ऋणी आहे. भाषण लांबलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर आपण सगळे सांभाळून घ्यालच. पण अक्का, ती पहिली चिठ्ठी फाटली, त्याची माफी मी आपल्याकडं कधी मागितलीच नाही. ती आज मागतो.