सव्वादोन दुणे

"हॅलो?… हां, ताई… अगं थांब, उताणा आहे मी… गाडीखाली… नाही, अंगावरून नाही गेली. ती कुठेच जात नाही, हेच तर दुखणं आहे."

धाकटा कोपरांवर सरकत गाडीखालून बाहेर आला. ताईचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नये. धाकट्यालाही ते निम्मंच ऐकू यायचं, कारण उरलेला वेळ तो स्वतः बोलत असे.

"बाबा?… आहेत ना, गाडीतच… सकाळपासून. स्टिअरिंग धरून… म्हटलं मी, उतरा म्हणून. तर म्हणाले, कप्तान जहाजातून उतरतो का."

घरामागच्या शेडमध्ये बाबांची जुनी निळी गाडी मागचं डावं चाक उचलून उभी होती, खांबापाशी थांबलेल्या कुत्र्यासारखी. पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या. जॅक एकच असल्यामुळे चाकही एकच उचललं होतं, आणि यात काही विशेष आहे असं धाकट्याला वाटलं नव्हतं.

गाडीचं दुखणं म्हणजे टेकडी. ताईचं घर टेकडीवर होतं आणि गेली दोन वर्षं गाडी नेमकी तिसऱ्या वळणावर मान टाकत होती. मग सगळ्यांनी उतरायचं, ढकलायचं, धापा टाकायच्या आणि उलटं घरी यायचं. शेवटच्या खेपेला बाबांनी जाहीर केलं, लेकीकडे राहायला जाईन तर स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत, नाहीतर नाही. ताईने त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. आता तो रंगही जुना झाला होता.

"अगं ऐक ना… पार्टवाल्याकडे मागच्या अ‍ॅक्सलचे दोन सेट आहेत… सेट म्हणजे दातेरी चाकांची जोडी, आतली. एक साडेचारचा, एक पावणेचारचा… सांगतो ना. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा मधला शाफ्ट साडेचार वेळा फिरतो. ताकद भरपूर, वेग बेताचा, आवाज गिरणीसारखा… पावणेचारचं उलट. सरळ रस्त्यावर सुळसुळ पळणार, चढावर जरा रुसणार… हो, एकच घ्यायचाय. एक वाजता दुकान बंद करतो तो. आणि दुसरं गिऱ्हाईक तिथे खुर्ची टाकून बसलंय… मी पावणेचारचा सांगतोय… अगं, ऐकून तरी घे… चढेल. सांगतो का ते. आत्ता आपल्या गाडीत काय आहे, माहितीये?… सव्वादोन."

एवढं बोलून तो थांबला. या आकड्यानंतर थोडं थांबायला हवं असं त्याचं मत होतं. काल त्याने टायरवर खडूची रेघ ओढली, शाफ्टला आपल्या छोट्या लेकीची लाल रिबन बांधली आणि चाक एक वेळा फिरवलं. रिबन सव्वादोन वेळा फिरली. त्याने अकरा वेळा मोजलं, अकराही वेळा सव्वादोन. म्हणजे आपल्या बापाने आयुष्यभर शर्यतीची गाडी चालवली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. कालपासून तो बाबांशी जरा दबून बोलत होता.

"मग? सव्वादोनवरून पावणेचार म्हणजे दीडपटीच्या वर ताकद. त्यांना वेग मिळेल, तुला बाबा मिळतील… काय?… दुसरं चाक? ते जमिनीवर आहे… नाही, ते नाही फिरत. ते कशाला फिरेल? ते जमिनीवर आहे ना… हो, तुझी बस चिखलात रुतली होती, आठवतंय. पोरांनी तुझ्यावर गाणं रचलं होतं… हां, एक चाक गरगर आणि दुसरं ढिम्म… बरं, मग?"

ताई शाळेची बस चालवायची. एक चाक बसून राहिलं की त्याच्या वाटणीचं फिरणंही दुसऱ्यालाच फिरावं लागतं, हे तिला त्या चिखलात कळलं होतं. घरात दोघा भावंडांची कामाची वाटणी लहानपणापासून अशीच होती, तेव्हा धाकट्याला समजायला अवघड नव्हतं. तो आधी उचललेल्या चाकाकडे बघत राहिला, मग जमिनीवरच्या.

"म्हणजे आलेल्याच्या दुप्पट धरायचं?… सव्वादोन दुणे… थांब… साडेचार… नाही, आहे मी फोनवर… हो, हस. हसून घे."

साडेचारचा सेट गाडीत आधीपासूनच होता. पावणेचारचा बसवला असता तर गाडीने पहिल्याच वळणावर मान टाकली असती.

"पण मग चढत का नाही गं?… कुठल्या गिअरमध्ये? मला काय ठाऊक, मी मागे पिशव्या सांभाळत असतो… विचारतो."

त्याने काचेवर टकटक केलं आणि विचारलं. बाबांनी आरशावरची नसलेली धूळ पुसली आणि दोन बोटं वर केली.

"दुसऱ्या… पहिला का नाही टाकत, विचारू?… ताई, ते काच वर करतायत."

काच पुरती वर जाईना, म्हणून उरलेल्या फटीतून कारण बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर बाबांनी चालत्या गाडीत पहिला गिअर टाकला होता. जुन्या गाडीला हे खपत नाही, गिअर करकरला. शेजारी बसलेल्या जावयाने विचारलं, 'बाबा, कॉफी दळताय का?' सगळे हसले. बाबांनी त्या दिवसापासून चढावर पहिल्याला हात लावला नाही. हे सांगण्यापेक्षा अख्खा अ‍ॅक्सल उलगडलेला त्यांना चालणार होता.

"ताई… कॉफीचं मनात आहे त्यांच्या… हो, तेच… मीही हसलो होतो, माहितीये… देतो."

फोन फटीतून आत गेला.

"हॅलो… हं… जेवलो… राग कसला?… हं… मीच शिकवलं तुला, मला काय सांगतेस… पूर्ण थांबायचं, शांतपणे पहिला टाकायचा आणि निघायचं. चढावर थांबायला लाज कसली?… असं मी म्हणालो होतो?… तुला?… रडत होतीस, म्हणून म्हणालो असेन."

बाबांनी समोरच्या भिंतीकडे बघत फोन दुसऱ्या कानाला लावला. भिंतीवर एक फावडं टांगलेलं होतं.

"ठमे, तो आहे का घरी?… नको, फोन नको देऊस. फक्त विचार, हसणार आहे का… विचार तू… काय म्हणतो?… कुठली कॉफी म्हणजे?… आठवत नाही त्याला?… अजिबात?… दोन वर्षं गं, दोन वर्षं… बरं… बरं. त्याला म्हणावं, करून ठेव. दळलेली… सेट? कुठलाच नको. आहे तो चांगला आहे… ठेव आता. निघालोच."

त्यांनी फोन बंद केला, किल्ली फिरवली, क्लच दाबला आणि अगदी शांतपणे पहिला टाकला. कुठेही करकर नाही. धाकटा उडी मारून बाजूला झाला. डावं चाक हवेत गरगरू लागलं, खडूच्या रेघेचं पांढरं कडं झालं. उजवं ढिम्म.

तिसरं वळण आलं असावं, कारण बाबांनी हॉर्न वाजवला.