आईचं डोकं, आईचा पाय

(बुसान. इस्पितळाच्या जळीत विभागात मल्सून पाय उशीवर ठेवून पडलेली. शेजारी तिची मुलगी ह्येवन, याच विभागातली डॉक्टर.)

मल्सून : डोक्याला हात लावायचा नाही. भाजलाय पाय. पायाचं बघ.

ह्येवन : पायासाठीच सांगतेय, आई. उकळता रस्सा सांडला, ते एक वेळ निभावलं असतं. तू वरून डोइनजांग थापलंस. आंबवलेलं सोयाबीन, जखमेवर. मोठ्या डॉक्टरांसमोर ते खरवडताना मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मल्सून : माझी आई थापायची, तिची आई थापायची.

ह्येवन : आणि तुझी जखम चिघळली. आता दुसरीकडची कातडी लावल्याशिवाय ती भरायची नाही.

मल्सून : मग मांडीची घे. मांडी कोण बघतंय?

ह्येवन : तुझ्या वयात मांडीची कातडी विरलेली असते. तिथलीच जखम रेंगाळत बसेल. आणि सांगजूनचं लग्न पुढच्या महिन्यात.

मल्सून : तेच म्हणते मी. नवऱ्या मुलाची आई म्हणून निळी मेणबत्ती मी पेटवायची, लाल विहीणबाईंनी. त्यांचा अंबाडा आणि माझा गोटा? परवाच केस कुरळे करून आणलेत. लोक म्हणतील, मठातनं पळून आली.

ह्येवन : ऐकून तरी घे. डोक्यावरचा पातळ पापुद्रा तेवढा काढायचा. केसांची मुळं आत खोल तशीच राहतात. त्या मुळांभोवतीच्या पेशी जखम झाली की वर सरकतात, पसरतात, नवी कातडी धरते. दहाएक दिवसांत डोकं बरं. मागोमाग केसही येतात.

मल्सून : आणि पायावर कुरळे केस उगवले म्हणजे?

ह्येवन : मुळं डोक्यातच राहिली, तर पायावर येतील कुठून?

मल्सून : हसू नकोस. इतकी वर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडत होतीस, ते हेच का?

ह्येवन : हेच.

मल्सून : मी बाजारात सांगत सुटले, माझी लेक केसांची डॉक्टर. किती टकले तुझा नंबर मागून गेले.

ह्येवन : आई, तुला नकोच असेल तर राहू दे. लग्नात चाकाच्या खुर्चीतून जाशील. मी ढकलेन.

मल्सून : खुर्चीतून? तुझे बाबा गेल्यापासून याच पायांवर उभी राहून बाजारात विकायचा रस्सा ढवळलाय मी. तुम्हा दोघांना वाढवलंय. त्या मेणबत्तीपाशी मी चालत जाणार.

ह्येवन : म्हणजे डोकं भादरायचं?

मल्सून : भादर. पण तूच. नर्सला नको सांगूस.

ह्येवन : लग्नासाठी चांगलासा टोप आणू. कुणाला कळणारसुद्धा नाही.

मल्सून : कळू दे की. टोपबीप नको मला. विहीणबाईंनी विचारलं तर डोकंही दाखवीन, पायही दाखवीन. म्हणेन, माझ्या लेकीनं केलंय हे.

ह्येवन : अगं, ऑपरेशन मोठे डॉक्टर करणार. मी नुसती शेजारी उभी.

मल्सून : ते तुमचं तुम्ही बघा. लग्नात मी माझ्या लेकीचंच नाव सांगणार.