ते ठीक आहे, पण खोकं?

...नाही, मी म्हणतो बॅटरी गेली, कबूल! माणूससुद्धा जातो. पण त्याला न्यायला आलेले लोक कधी विचारतात का, की हा जन्माला आला तेव्हा कुठल्या खोक्यात आला होता? मला विचारलं हो!

तुम्हाला सांगतो, गच्चीवर सोलर लावून दोन वर्षं झाली. पॅनेलं ठणठणीत, ऊन तर भिवंडीत हवं तेवढं, पण जिन्याखालची ती बॅटरी, ती एक दिवस फुगली. टम्म, पुरीसारखी! वायरमननं वायरी सोडवल्या, 'भाऊ, हात नका लावू' म्हणाला आणि स्वतः आधी पळाला. आमची विद्युल्लता शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं चष्मा वर करून एकदाच बघितलं आणि पिशवी भरायला घेतली. 'अहो, ही पेटू शकते. ही घरातून गेली की फोन करा, तोवर मी दिघाशीला दादाकडे.' म्हणजे बघा, बॅटरी घरात आणि बायको बाहेर! सदतीस वर्षांच्या संसारात जेवढी भेंडीची भाजी स्वतः करून खाल्ली नव्हती, तेवढी चार दिवसांत खाल्ली.

कंपनीचं गोडाऊन काल्हेरला. फोन लावला. तिथला सुपरवायझर तुळशीराम, आवाज एकदम मऊ. 'वॉरंटीत हाय ना? मग नवी देतो, जुनी घेऊन जातो, घरी येऊन! रिसायकलला जाते साहेब, कचरा न्हाय करायचा, पॉलिसी हाय.' मी म्हटलं, देवमाणूस! तर म्हणतो, 'ते ठीक आहे, पण खोकं? ओरिजिनल खोकं न्हाय तर सिस्टीम घेत न्हाय.'

खोकं! अहो, आमच्या गल्लीत खोकं टिकतं का? बॅटरी आली त्या दिवशी टेंपो वळायच्या आत सगळं वाटून झालं होतं! खालचं लाकडी पॅलेट शेजारच्या सादिकनं नेलं, त्याच्या लूमच्या सुताच्या गोणी ठेवायला. थर्माकोल समोरच्या आक्कानं नेला, त्यात कोथिंबीर लावली. आणि मीच, मीच हो, 'न्या, न्या, घरात पसारा नको' म्हणत हसत उभा!

आता तोंड वर करून मागायचं कसं? सादिक म्हणाला, 'भाऊ, पॅलेट काढला तर सुताला वल लागंल ना! आणि पुठ्ठा तो हफसाने लिया था, शाळेच्या प्रदर्शनाला.' हफसा म्हणजे त्याची सातवीतली मुलगी. तिनं काय केलं होतं माहीत आहे? माझ्या खोक्याचं अख्खं शहर केलं होतं! खिडक्या कापलेल्या, रस्ते काढलेले, मधे वऱ्हाळदेवीचा निळा तलाव, वर पाटी, 'कचरामुक्त भिवंडी', आणि दुसऱ्या नंबरची रिबीन. मी म्हटलं, 'बेटा, दोन तासांसाठी दे, काकूला घरी आणायचंय.' ती म्हणाली, 'काका, तलावाला हात नका लावू हां.' वचन दिलं!

तुळशीराम आला. कचरामुक्त भिवंडीभोवती एक चक्कर मारली. 'छान हाय. पण बॅटरीचा नंबर कुठाय? खोक्यावर छापलेला असतो.' नंबर शोधला. कुठे असावा? तलावात! निळ्या रंगाखाली! मी हात जोडले, 'अहो, वचन दिलंय पोरीला...' तर हा शांतपणे, 'मग बॅटरी ऱ्हाऊ दे?' विद्युल्लता आठवली, भेंडी आठवली... आणि मी नखानं तलाव खरवडला. खरंच वाईट वाटलं मला. नंबर दिसला, त्यानं मोबाइलवर फोटो काढला, मग रबरी हातमोजे घालून बॅटरी उचलली आणि टेंपोतल्या वाळूच्या पिंपात ठेवली!

'अहो, खोक्यात ठेवा ना!'

'पुठ्ठ्यात? साहेब, पेटली तर? पिंपातच न्यायची, नियम हाय.'

'ते ठीक आहे, पण खोकं?'

'त्याचा फोटो लागतो फक्त.'

फोटो! हफसानं तलाव बघितला, मग म्हणाली, 'राहू दे काका, आटला सांगते.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि नवी बॅटरी कशी आली? खोक्यात खोकं, त्यात थर्माकोल, त्यात पिशव्या, त्यात पुन्हा थर्माकोल, खाली पॅलेट! आक्का कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात हजर. सादिकचा डोळा पॅलेटवर. मी म्हटलं, चिंधी देणार नाही! सगळं आत नेलं. जागा कुठे? पलंगावर, विद्युल्लता झोपते त्या बाजूला. आणि फोन केला, 'ये गं, बॅटरी गेली.'

आली. चप्पल काढली, खोलीत डोकावली, पलंगाकडे बघितलं. पिशवी खांद्यावरच होती.

'अहो, हे घरातून गेलं की फोन करा.'

नव्या बॅटरीची वॉरंटी पाच वर्षं आहे हो... दिघाशीची एसटी कितीला असते, माहीत आहे का कुणाला?