व्होल्ट तिकडे, ॲम्पिअर इकडे

...नाही, पण मी मागितलं काय होतं? राज्य मागितलं होतं? राजधानी मागितली होती? एक व्होल्टमीटर मागितला, तोही आमचाच, आणि मला म्हणे भोपाळची परवानगी आणा...

तुम्हाला सांगतो, छप्पन्न साल, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तो सोमवार. मी आपला फळ्यावर बॅटरीचं चित्र काढून राहिलो होतो, तर शिपाई नत्थूजी दारात. "मास्तर, आपलं राज्य बदललं ना जी, त्याचा कागद आला." आता राज्य बदललं हे आम्हाला ठाऊक होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, त्याच्याबरोबर नरखेड गेलं, आणि आम्ही पांढुर्ण्याचे राहिलो मध्य प्रदेशात. राहिलो तर राहिलो, शाळेची घंटा तर तीच होती ना? पण कागदात काय लिहावं? शाळांचं जे सामान एक नोव्हेंबरला ज्या राज्यात होतं, ते त्याच राज्याचं झालं. झालं म्हणजे झालं! अहो, आमच्या आणि नरखेडच्या शाळेत मिळून विजेच्या उपकरणांची पेटी एकच. चार वर्षं ती पॅसेंजरनं जा-ये करायची, आणि नेमका दिवाळीआधी तिथल्या पुंडलिकराव मास्तरांनी व्होल्टमीटर नेलेला. दाब मोजायचं यंत्र तिकडे, प्रवाह मोजायचा ॲमीटर इकडे. आता तारेचा रोध काढायचा कसा? व्होल्टला ॲम्पिअरनं भागायचं, साधा भागाकार आहे हो. पण भाज्य एका राज्यात आणि भाजक दुसऱ्या राज्यात, असा भागाकार कोणत्या बापानं केला आहे?

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं काय अडलं? अडलं होतं. मनकर्णेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, उन्हाळ्यात शाळेसाठी एक गुंडाळी केली होती. मोडक्या लाटण्यावर रोधाची तार, एकशे चाळीस फेरे. एकशे बारावर मी चहा मागितला आणि तिचा आकडा चुकला, सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून... "तुम्ही अंगणात बसा जी, विज्ञान मी करून राहिली!" वर चिठ्ठी चिकटवली. "रोध", मग मोकळी जागा, मग "ओहम". म्हणाली, आकडा आला की मला सांगा, मी लिहीन, तुमचं अक्षर डॉक्टरासारखं आहे. मग तिचं आजारपण निघालं, तेव्हा मोजायचं कोणाला सुचतं. भादव्यात ती गेली. दिवाळीनंतर मोजू म्हटलं.

आणि दिवाळीनंतर हे.

गेलो वरच्या साहेबांकडे. नवीन साहेब, गोरेपान, टेबलावर जुन्याच राज्याची दौत. "मास्टरजी, वो अब दूसरे राज्य की संपत्ति है." म्हटलं, साहेब, तो व्होल्टमीटर आहे, तालुका नाही. "लिखकर दीजिए, भोपाल भेजेंगे." तिकडे पुंडलिकरावांचे हेडमास्तर म्हणाले, मुंबईला विचारतो. आता मुंबईला काय माहीत, आमच्या यंत्राची काच उजव्या कोपऱ्यात तडकली आहे म्हणून? साधा भागाकार आहे हो, त्याला दोन राजधान्या कशाला?

बरं, म्हटलं, तुमचा नियम तुम्हाला लखलाभ. मी पुंडलिकरावांना कार्ड टाकलं: तुमचं यंत्र तुमच्या राज्यातच राहू द्या, फक्त रविवारी तिगावच्या पुढच्या शिवेच्या बांधापर्यंत आणा.

रविवारी मोटारची बॅटरी टोपलीत ठेवली, ॲमीटर धोतरात गुंडाळला, आणि कोणी विचारू नये म्हणून वरून संत्री पसरली. इथंच चुकलं. गाडीच्या डब्यात आमच्या गल्लीतल्या कलाबाई. "मास्तर, तिगावले संतरे नेऊन राहिले? काहून जी, तिगावातले झाडं वाळले काय?" सगळा डबा टोपलीकडे बघायला लागला. म्हटलं, पाहुण्यांना द्यायची आहेत. "कोण पाहुणा हाय असा, ज्याच्या घरी संतरे नाहीत?" दोन संत्री तिच्या हातात दिली तेव्हा कुठं गप्प बसली, आणि उतरताना म्हणते कशी, "टोपली जड दिसते जी, संतरे लोखंडाचे हायत काय?"

बांधावर पुंडलिकराव आधीच मांडी घालून बसलेले, मुंबई राज्यात. मी बसलो मध्य प्रदेशात. मधल्या दगडावर मनकर्णेची गुंडाळी. बॅटरी आणि ॲमीटर माझ्याकडे, व्होल्टमीटर त्यांच्याकडे, आणि दोन तारा बांधावरून पलीकडे. "मास्तर, पाय इकडे आला तुमचा, घ्या मागं," पुंडलिकराव म्हणतात. घेतला मागं. नियम म्हणजे नियम!

जोडलं. दोन्ही काटे हलले, एकाच वेळी. तुम्हाला सांगतो, त्या काट्यांना कोणी कागद दाखवला नव्हता. मी म्हटलं अर्धा ॲम्पिअर, ते म्हणाले सहा व्होल्ट. "म्हणजे तीन," पुंडलिकराव. अहो, तीन कुठले? तुम्ही गुणलं, ते वॅट झाले, ती शक्ती. मला रोध पाहिजे, सहाला अर्ध्यानं भागा. माणूस वीस वर्षं विज्ञान शिकवतो आणि अर्ध्यानं भागताना अडतो! साधा भागाकार आहे हो... बारा. बारा ओहम.

दोन्ही कार्यालयांना कळवून टाकलं: यंत्रं आपापल्या राज्यात होती, प्रवाह तेवढा जा-ये करत होता, त्याला काय नोटीस द्यायची ती द्या. उलट टपाली विचारणा आली, मापन नेमकं कोणत्या राज्यात झालं? लिहिलं, बांधावर. त्यावर अजून उत्तर नाही.

गुंडाळी वर्गात टेबलावर आहे. किती ओहम, विचारा कोणत्याही पोराला, झोपेतसुद्धा बारा सांगेल. चिठ्ठीवर तेवढं लिहायचं राहिलं आहे.