म्हशीचा उपास

मास्तर : आता डोळे मीट आणि कल्पना कर. तू म्हैस आहेस.

अंकिता : नाथाजी मास्तर, तुमीबी चिडवायला आलाय व्हय? काल समदं कोरेगाव हसलं मला.

मास्तर : कोरेगाव नव्हे, आपल्या चर्चमधली साठ माणसं. मीट डोळे. उत्तम शुक्रवार आहे, येशूच्या वधस्तंभाचा दिवस. तू गोठ्यात बांधलेली. सकाळपासून वैरण नाही, पाणी नाही. भिंतीपलीकडे तीन तासांची भक्ती चाललीय. आकारामतात्या गीत उचलतात, तेही इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या कडव्याला बाकीचे नुसती तोंडं हलवतात. तू काय करशील?

अंकिता : वरडीन.

मास्तर : तिनं तेच केलं.

अंकिता : पर बायबलातल्या योनाची गोष्ट तुमीच सांगितलीसा न्हवं? देव शहराचा नाश करणार म्हणून निनवेच्या लोकांनी उपास धरला, जनावरांनाबी धरायला लावला. वर गोणपाट पांघरलं. म्हणून म्या वैरण टाकली न्हाई.

मास्तर : आणि गोणपाट?

अंकिता : घातलं हुतं. तिनं खाल्लं.

मास्तर : म्हणजे उपास तिनंच मोडला.

अंकिता : हसू नका. वधस्तंभावर येशू ‘मला तहान लागलीय’ म्हणाला, त्यावर आप्पासो मनन सांगत हुते, अन् नेमकी तवाच वरडली. पाळकसाहेबबी रुमालात तोंड घालून हसले. उद्या ईस्टरच्या गीताचं पयलं कडवं म्या एकटीनं म्हणायचं. उभी ऱ्हायले की समद्यांना म्हैसच आठवणार. मी न्हाई येत. शिवतेजला सांगा.

मास्तर : विचारलं त्याला. त्याचा आवाज फुटलाय. म्हणाला, मी गायलो तर लोकांना दुसरी म्हैस आली असं वाटेल.

अंकिता : मग ऱ्हाऊ द्या कडवं.

मास्तर : खरं सांगू? काल येशूच्या शेवटच्या सात उद्गारांवर सात जणांनी मनन केलं. सहा जण काय बोलले, मला आठवत नाही. तहान मात्र कळली. बरं, योनाच्या गोष्टीचा शेवट सांग.

अंकिता : शहर वाचलं म्हणून योना रुसून बसतो.

मास्तर : आणि देव त्याला विचारतो, एवढ्या शहराची मला दया येऊ नये का? इथं इतकी माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं. गोष्ट तिथंच संपते, गुरांपाशी.

अंकिता : म्हंजी देवाला म्हशींचं वाईट वाटलं?

मास्तर : उपासाचा हुकूम राजाचा होता, पोरी. देवाचा नव्हे. एवढं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. उद्या भक्तीत उभा राहून सांगणार आहे, चूक माझी होती म्हणून.

अंकिता : तुमास्नीबी हसतील.

मास्तर : हसू देत. तू नाही आलीस तर मी एकटाच सापडेन त्यांना.

अंकिता : तुमचं गीतांचं पुस्तक द्या.

मास्तर : अगं, निघालीस कुठं?

अंकिता : गोठ्यात. उद्याचं कडवं आदी तिच्यापुढं म्हणते. काल भुकंनं तिला एकबी गीत नीट ऐकू आलं नसंल.